लिंबूटिंबू कुणाला करायचं?

पत्रलेखिका पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी कन्याशाळेत क्रीडाशिक्षिका आहेत. त्यांच्या १४ वर्षांखालच्या मुलींचा खो-खो संघ गेली चार वर्षं तालुक्यात हरलेला नाही. यंदा शालेय स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात समोर डोंगराकडच्या एका छोट्या शाळेच्या मुली आल्या. पहिल्यांदाच तालुक्याला आलेल्या, काही शाळेच्या गणवेशातच, बहुतेक अनवाणी. खांबापाशी आल्या की त्या दरवेळी बिचकून थांबायच्या. पत्रलेखिकेच्या मुलींनी आधी पाठलाग करून २१ गडी टिपले. समोरच्यांना २ मिळाले. फॉलोऑननंतर आणखी ३. सामना एक डाव आणि १६ गुणांनी संपला. त्या शेवटच्या पाठलागात पत्रलेखिकेच्या संघातली सगळ्यांत चपळ मुलगी खांबाजवळ थांबून, मागे वळून, पाठलाग करणारीला ‘ये, ये’ करून हाताने बोलावत होती. बघणारे हसत होते. सामना संपल्यावर ती पाठलाग करणारी मुलगी मधल्या पाटीवर बसून रडत राहिली. तिच्या शाळेच्या बाई जाताना एवढंच म्हणाल्या, ‘पोरी पहिल्यांदा तालुक्याला आल्या होत्या हो. थोडं तरी ठेवायचं त्यांच्यासाठी.’

मुख्याध्यापकांनी निकाल रंगीत खडूने फळ्यावर लिहिला आहे. पत्रलेखिकेचे यजमान म्हणतात, ‘खेळात कसली दया?’ चपळ मुलीच्या आईला लेकीच्या निवड चाचणीची काळजी आहे. आणि जिल्ह्याच्या सामन्यांआधी संघाच्या कप्तान मुलीने विचारलं आहे, ‘बाई, समोरच्या कच्च्या असल्या तर हळू खेळायचं का?’ पत्रलेखिकेला उत्तर देता आलेलं नाही. मुलींना मुद्दाम बाद व्हायला सांगावं का, असं त्या विचारतात.

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. गुणांचे आकडे त्यात पुन्हा पुन्हा आले आहेत. त्या ‘ये, ये’चा उल्लेख मात्र एकदाच आहे, आणि तो तुम्ही कंसात टाकला आहे. मला वाटतं, तुमची झोप उडाली आहे ती त्या कंसामुळे.

असं समजू या की तुमच्या मुलींनी एकवीसच गडी टिपले, पण खांबाजवळ कुणी थांबलं नाही, कुणी हसलं नाही, आणि सामना संपल्यावर दोन्ही शाळांच्या मुली एकाच पिंपातलं पाणी प्यायल्या. तरीही त्या बाई तुमच्याजवळ येऊन काही बोलल्या असत्या का? कदाचित बोलल्याही असत्या. पण तुम्हाला रात्री जाग आली असती का? ‘थोडं तरी ठेवायचं’ हे शब्द तुम्ही ‘थोडे गुण सोडायचे होते’ असे ऐकलेत. त्यांना काय ठेवायला हवं होतं, गुण की आणखी काही, हे तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही. त्याकडे मी शेवटी येते.

आधी तुमच्या कप्तानचा प्रश्न. हळू खेळायचं का? माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. पण ते तुमच्या यजमानांचं उत्तर नाही. खेळात दयेला जागा नसते हे मला अजिबात मान्य नाही. जागा असते, भरपूर असते. ती नेमकी कुठे असते हे लहानपणी आपल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

लिंबूटिंबू आठवा. अंगणात लंगडी किंवा लपंडाव सुरू व्हायचा तेव्हा कुणाचं तरी चार वर्षांचं धाकटं भावंड मागे लागायचं. त्याला घरी पाठवलं तर आई रागवायची, आणि त्याच्यावर राज्य दिलं तर ते रडायचं. मग मोठ्यांपैकी कुणीतरी सांगून टाकायचं, ‘हा लिंबूटिंबू हं.’ काही गावांत कच्चं लिंबू म्हणतात. त्याच्यावर राज्य यायचं नाही, तो बाद झाला तरी धरायचं नाही, पण पळायचं मात्र त्याने सगळ्यांबरोबर. किती शहाणी सोय होती ती! ती चालायची, कारण खेळ सुरू होण्याआधी ठरायची आणि सगळ्यांना माहीत असायची, त्या पोरालासुद्धा. त्यात कुणाची फसवणूक नव्हती. आणि मग एका सुट्टीत तेच पोर पाय आपटून म्हणायचं, ‘मी नाही लिंबूटिंबू! मला खरं खेळायचंय.’ त्या दिवसापासून त्याला बाद धरायचं, राज्य द्यायचं. ते रडलं तरी दुसऱ्या दिवशी लिंबूटिंबू व्हायला तयार नसायचं.

डोंगराकडच्या त्या मुली शाळेचं नाव देऊन तालुक्याला आल्या, तेव्हा त्यांनी हेच म्हटलं होतं. त्यांना न विचारता, सामना चालू असताना, गुपचूप पुन्हा लिंबूटिंबू करायचं का, असा तुमचा प्रश्न आहे.

मी स्वतः एकदा अशी लिंबूटिंबू झाले आहे, म्हणून सांगते. नववीत असताना आमच्या शाळेचा कबड्डीचा संघ पहिल्यांदा बाहेर खेळायला गेला. मी कोपरा सांभाळायचे. मध्यंतरापर्यंत आमच्यावर दोन लोण चढले होते, म्हणजे आमचा अख्खा संघ दोनदा बाद झाला होता. उत्तरार्धात त्यांची मुख्य चढाईपटू आली, तिने माझ्यापुढे पाय टाकला आणि तो तिथेच ठेवला. मी पकडला. ती धडपडली नाही, मध्यरेषेकडे हात लांबवला नाही, नुसती उभी राहिली. पंचांनी गुण दिला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आमचे सरसुद्धा उठून उभे राहिले. पण त्या पायातला सैलपणा माझ्या हाताला कळला होता. पूर्वार्धात एकदा याच मुलीच्या घोट्याला माझी बोटं लागली होती आणि तिने जोराचा झटका देऊन पाय सोडवून घेतला होता. तो झटका आजही मला आठवतो आणि बरं वाटतं, कारण तेव्हा तिला माझ्यापासून सुटावं लागलं होतं. टाळ्या मिळालेली पकड मी घरी कुणालाच सांगितली नाही.

मुलींना कळतं, ताई. समोरची घसरली की मुद्दाम रेषेबाहेर गेली, हे तेरा वर्षांच्या मुलीला बघणाऱ्यांच्या आधी कळतं.

आता एक गोष्ट सांगते, ती थोडी कठीण वाटेल. तुमची ती चपळ मुलगी खांबाजवळ काय करत होती? ती हळू खेळत होती. पळायची तिला गरजच उरली नव्हती, आणि हे ती समोरच्या मुलीला आणि सगळ्या मैदानाला दाखवत होती. ‘मी थांबते, तरी तू मला शिवू शकत नाहीस.’ त्या सामन्यात सगळ्यांत जास्त ढिलाई तिनेच दिली आणि सगळ्यांत जास्त तीच लागली. बाकीच्या आठ जणी जीव तोडून पळत होत्या, त्यांनी कुणालाच रडवलं नाही. म्हणजे ज्या उपायाचा तुम्ही विचार करत आहात, तो त्या मैदानावर एका मुलीने आधीच करून पाहिला आहे. तुम्ही सांगितलंत तर बाकीच्या हसणार नाहीत, प्रेमाने ढिलाई देतील, हे मी समजू शकते. पण पाठलाग करणारीच्या वाट्याला दोन्ही वेळा थांबलेलीच मुलगी येते.

मुद्दाम हरण्याची शिक्षा मोठ्या स्पर्धांतही झाली आहे. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिला दुहेरी बॅडमिंटनच्या चार जोड्यांना स्पर्धेबाहेर काढलं होतं. पुढे सोयीचा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून त्या हरण्यासाठी खेळत होत्या. त्यांचा हेतू स्वार्थाचा होता, तुमचा मायेचा आहे, हे मला दिसतं. पण मुलींच्या अंगवळणी हेतू पडत नाही, कृती पडते. शरीराला एकदा अर्धं पळायची मुभा मिळाली की ती पुढच्या सामन्यातही मागितली जाते.

मग माया दाखवायची कुठे? तुम्ही ज्या भागात राहता तिथे जत्रेतला कुस्त्यांचा फड नक्की पाहिला असेल. तिथे कुस्ती लागण्याआधी जाणती माणसं दोन पोरांना शेजारी उभं करतात. वय, अंगकाठी, वजन, कुठल्या तालमीतला, किती वर्षांची मेहनत, सगळं बघून जोड लावतात. जोड चुकली आणि कुस्ती दोन सेकंदांत संपली, तर लोक जिंकणाऱ्याला बोल लावत नाहीत. जोड लावणाऱ्यांना लावतात. आणि त्याच तालमीत रोज पहाटे मोठा पैलवान लहानग्याला अंगावर घेऊन खेळवतो, पट काढू देतो, पकड कुठे चुकली ते दाखवतो. तिथे त्याने पूर्ण ताकद लावली तर वस्ताद त्यालाच रागावतील. सराव उघड असतो, म्हणून त्यातली सवलत बोचत नाही. फडातली कुस्ती मात्र कुस्तीसारखीच व्हायची. गादीवरच्या कुस्तीत तर नियमच आहे: फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की लढत तिथेच थांबते. पुरे झालं हे तिथे जिंकणाऱ्याला ठरवावं लागत नाही.

खो-खोमधला फॉलोऑनही सामना लवकर संपवायचीच सोय आहे, आणि तो दिल्याबद्दल तुम्ही स्वतःला उगीच दोष देत आहात. तो दिला नसता तर तुमच्या मुली पुन्हा पाठलागाला बसल्या असत्या आणि आणखी वीस जणी बाद झाल्या असत्या. फॉलोऑनमुळे त्या मुलींना लागोपाठ दुसऱ्यांदा पाठलाग मिळाला, आणि पहिल्या खेपेला दोन तर दुसऱ्या खेपेला तीन गडी त्यांनी टिपले. हा तिसरा गडी तुमच्या पत्रात कुठेच कौतुकाने आलेला नाही. माझ्या मते त्या दिवसातली ती सगळ्यांत चांगली बातमी होती.

मोठ्या फरकाच्या सामन्यांत आपण दोषी शोधतो आणि तो बहुतेक वेळा जिंकणाऱ्यांत शोधतो. २०१६च्या जानेवारीत कल्याणला भंडारी चषकाच्या १६ वर्षांखालील आंतरशालेय सामन्यात प्रणव धनावडेने ३२७ चेंडूंत नाबाद १००९ धावा केल्या, ते तुम्हाला आठवत असेल. संघाने ३ बाद १४६५वर डाव सोडला. समोरच्या शाळेचे डाव ३१ आणि ५२ धावांत संपले. मैदान छोटं होतं, समोरची बरीच मुलं वयाने लहान आणि नवखी होती. प्रणवने जोर लावून खेळणं यात मला चूक दिसत नाही. पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातात बॅट दिली की त्याने धावाच करायच्या. मला विचारावंसं वाटतं ते मोठ्यांना. ही जोड लावली कुणी? आणि पहिल्या दिवसाच्या खेळानंतर दोन्ही बाजूंची मोठी माणसं एकमेकांशी काय बोलली?

त्याच गोष्टीचा पुढचा भाग तुमच्या मुख्याध्यापकांसाठी आहे. मुंबई क्रिकेट असोसिएशनने प्रणवला दरमहा दहा हजारांची शिष्यवृत्ती दिली. पुढे त्याचा फॉर्म गेला, आणि २०१७मध्ये त्याच्या वडिलांनी स्वतःच पत्र लिहून ती बंद करायला सांगितली. दुबळ्या संघासमोर मिळालेला आकडा हा जिंकणाऱ्या मुलाच्या खांद्यावरसुद्धा बसतो. तुमच्या मुली रोज त्या फळ्यासमोरून वर्गात जातात. विभागीय स्पर्धेत एका गुणासाठी शेवटच्या सेकंदापर्यंत झुंजावं लागेल, तेव्हा त्यांना ते कमी वाटता कामा नये. सरांना सांगा की निकाल आता पुसू या आणि त्या जागी पुढच्या सामन्याची तारीख लिहू या. ते ऐकतील.

तुमच्या पत्रात आणखी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: हरणाऱ्याला किती सोसेल हे जिंकणाऱ्याने ठरवायचं. पुण्यात १९४८च्या डिसेंबरमध्ये रणजी सामन्यात महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३वर होते. ब्रॅडमनच्या नाबाद ४५२च्या विश्वविक्रमाला नऊ धावा कमी होत्या. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ झाल्या होत्या. विश्रांतीच्या वेळी काठियावाडच्या कर्णधाराने, राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी, सामना सोडून दिला आणि त्यांचा संघ परत मैदानात आलाच नाही. एवढ्या मोठ्या फलंदाजाला पुढे एकही कसोटी मिळाली नाही, त्यामुळे ही गोष्ट आपण कायम निंबाळकरांच्या बाजूने हळहळत सांगतो. मीही तशीच सांगते. पण एक खरं आहे की ‘पुरे’ म्हणायचा हक्क हरणाऱ्यांचा होता आणि तो त्यांनी वापरला. चांगला वापरला की वाईट, यावर वाद घालता येईल.

आणि काही जण ‘पुरे’ म्हणतच नाहीत. ११ एप्रिल २००१ला विश्वचषक फुटबॉलच्या पात्रता फेरीत ऑस्ट्रेलियाने अमेरिकन सामोआला ३१–० असं हरवलं. अमेरिकन सामोआच्या मूळ संघातले जवळजवळ सगळे खेळाडू पासपोर्टच्या भानगडीत बाद ठरले होते आणि शाळकरी वयाची मुलंसुद्धा उतरवावी लागली होती. गोलरक्षक होता निकी सालापू. एकतीस गोल त्याच्या पाठीमागच्या जाळीत गेले. २०११मध्ये याच संघाने टोंगाला २–१ हरवून पात्रता फेरीतला आपला पहिला विजय मिळवला, तेव्हा गोलमध्ये पुन्हा निकी सालापूच उभा होता. मधल्या काळात ओशनियाच्या फुटबॉल संघटनेने छोट्या देशांसाठी आधी वेगळी प्राथमिक फेरी सुरू केली होती. म्हणजे जोड नीट लावायला ते शिकले.

म्हणून रडणारी मुलगी मोडली आहे असं आत्ताच धरून चालू नका. कदाचित ती हरल्यामुळे रडत असेल, आणि ते चांगलंच आहे. कदाचित लोक हसले म्हणून रडत असेल. मला हे दुसरं कारण खरं वाटतं. हरलेली मुलगी पुढच्या वर्षी परत येते. हसू झालेली मुलगी ‘पाय दुखतो’ म्हणून घरी राहते.

साखळी स्पर्धेचं गणित वेगळं असतं, तेही सांगते, कारण हे पत्र फुटबॉलचे किंवा क्रिकेटचे प्रशिक्षकही वाचतील. २०१९च्या महिला विश्वचषकात अमेरिकेने थायलंडला १३–० हरवलं, तेव्हा जगभर वाद झाला. पण साखळीत गोलफरक मोजतात. तिथे पाच गोलांवर थांबणं हा गटातल्या तिसऱ्या संघाशी केलेला खेळ ठरला असता. लोकांना खरा खटकला तो दहाव्या-बाराव्या गोलानंतर केलेला जल्लोष. २०२५च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी दक्षिण कोरियाला १७५–१८ असं हरवलं. खो-खो आपल्या मातीतला, त्यांना नवा. तिथे आपल्या मुली हात राखून खेळल्या असत्या तर हा खेळ किती वेगाचा असतो हे कोरियाच्या मुलींना कळायचं राहून गेलं असतं.

तुमचे शालेय सामने मात्र बाद पद्धतीचे आहेत. एका गुणाने जिंका नाहीतर एक डाव राखून, पुढची फेरी तीच. फरकाला काहीच किंमत नाही, आणि म्हणून तुम्हाला खूप मोकळीक आहे. ती अशी वापरता येईल.

समोरचा संघ नवखा आहे हे नाणेफेकीच्या आधी, त्यांचा सराव दोन मिनिटं बघूनच तुम्हाला कळतं. तेव्हाच, सामना सुरू होण्यापूर्वी, संघ बदला. वर्षभर मैदानावर पाणी मारणाऱ्या, चुना टाकणाऱ्या राखीव मुलींना पहिल्यापासून खेळवा. नेहमी शेवटी जाणारी तुकडी पळतीला आधी पाठवा. त्यांना सांगायचं एकच: पूर्ण जोर लावा. राखीव मुलगी जीव तोडून पळते तेव्हा समोरचीलाही खरा सामना मिळतो, आणि तुमच्या त्या मुलीलाही वर्षातून एकदा तरी पंचांची शिट्टी ऐकायला मिळते.

मुख्य मुलीच खेळवायच्या असतील तर त्यांना अवघड काम द्या. आज एकही फाऊल करायचा नाही. किंवा, जी कायम साखळीत, म्हणजे बसलेल्या मुलींच्या मधून वळत पळणारीला, टिपते तिने आज खांबावर सूर मारूनच टिपायचं. यात ढिलाई नाही, उलट मेहनत जास्त आहे. गुण आपोआप कमी होतात आणि कुणी कुणाला काही सोडलेलं नसतं.

मैदानावरच्या वागणुकीचा नियम मात्र तुमचाच हवा आणि कडक हवा. खुणा करायच्या नाहीत, हसायचं नाही, गडी टिपल्यावर नाचायचं नाही. तुमच्या शाळेच्या ज्या मुली बघायला येतात त्यांनाही हेच लागू. त्या दिवशी खांबाजवळ थांबलेल्या मुलीला बाजूने हाक मारून ‘पळ!’ म्हणणं तुमच्या हातात होतं. तुम्ही ते केलं नाहीत आणि तेच तुम्हाला टोचतंय, असं मला वाटतं. जिंकत असताना सगळेच थोडे सैल होतात. पुढच्या वेळी हाक मारा.

त्या मुलीला सगळ्यांसमोर उभं करू नका. ती तेरा वर्षांची आहे, लोक हसले आणि तिला ती शाबासकी वाटली. एकटीला बोलावून एवढंच विचारा, ‘तू थांबलीस तेव्हा ती काय विचार करत असेल?’ आणि उत्तर यायची वाट बघा. तिच्या आईलाही सांगा की खो-खो जाणणारी माणसं निवडीला बसतात तेव्हा नवख्या संघापुढे किती मिनिटं काढली याला फार वजन देत नाहीत. तिने ज्या सामन्यात तगड्या संघासमोर दीड मिनिट काढलं, तो सामना त्यांच्या लक्षात राहील.

घरी मुलांशी खेळणाऱ्या आईवडिलांचाही हाच प्रश्न असतो, आणि त्यांच्यापैकी बरेच जण मुद्दाम हरतात. तसं करू नका. बुद्धिबळात आपला वजीर आधीच बाजूला काढून ठेवा, मुलाला दाखवून ठेवा, आणि मग मनापासून खेळा. ज्या दिवशी मूल म्हणेल ‘बाबा, वजीर परत ठेवा’, त्या दिवशी ठेवा.

आणि जोड लावण्याचं काम तुम्ही थोडं हातात घेऊ शकता. स्पर्धांआधी तालुक्यातल्या क्रीडाशिक्षकांची बैठक होते, तिथे सुचवा की पहिल्या फेरीत हरलेल्या संघांचे त्याच दिवशी आपसांत मैत्रीचे सामने लावावेत. मैदान आखलेलंच असतं, पंच हजर असतात, मुली आलेल्याच असतात. डोंगरातून दीड तास एसटीने यायचं, एकाच सामन्यात हरायचं आणि संध्याकाळच्या गाडीची वाट बघत झाडाखाली बसायचं, हे थांबलं पाहिजे. चार वर्षं न हरलेल्या संघाच्या बाईंनी ही सूचना मांडली तर ती टाळणं कुणालाही जड जाईल.

राहिल्या त्या बाई. त्यांना या आठवड्यातच फोन करा. माफी ‘ये, ये’बद्दल मागा, गुणांबद्दल नको, गुणांबद्दल मागितलीत तर त्यांच्या मुलींचे पाच गुणही आपण मोडीत काढल्यासारखं होईल. तो तिसरा गडी टिपणाऱ्या मुलीचं नाव विचारा. मग विचारा की एखाद्या शनिवारी आमच्या मुलींना घेऊन तुमच्या शाळेत सरावाला येऊ का. मुलींचे दोन मिश्र संघ करायचे, आणि सूर कसा मारतात हे दाखवायचं काम तुमच्या त्या चपळ मुलीला द्यायचं. तिथे तिने हवं तेवढं हळू पळावं.

फोन ठेवण्याआधी एक विचारायला विसरू नका. त्यांच्या मुली खांबापाशी बिचकत होत्या असं तुम्हीच लिहिलं आहे. बहुतेक त्यांच्या मैदानात खांबच नसतील. नसतील तर तुमच्या शाळेतले जुने दोन पडून आहेत का ते बघा, आणि शनिवारी जाताना जीपमध्ये टाकून न्या.